मगदूम अण्णांचं कडू तेल

मगदूम अण्णांनी माझ्यादेखत निदान दोनशे वेळा तरी तेल चाटलं असेल. डब्याचं झाकण काढायचं, उजव्या हाताची करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे, मग बाजूला थुंकून म्हणायचं, "कडू हाय. बरोबर हाय." नव्या माणसाला वाटावं, कसलं तरी व्रत चाललंय. पण ती आमच्या तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमधली इंधन-तपासणी होती. या कामासाठी कॉलेजात काचेची उपकरणं होती. ती कपाटात होती आणि कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे होती. अण्णांची करंगळी मात्र अण्णांकडेच असायची.

मी त्या तंत्रनिकेतनात गणित शिकवत होतो. अण्णा वर्कशॉपमध्ये निदेशक होते, म्हणजे प्राध्यापकांनी फळ्यावर जे काढायचं ते पोरांकडून लोखंडात करून घ्यायचं. सकाळी कपाळावर भस्माचे तीन स्वच्छ पट्टे घेऊन ते यायचे. अकराच्या सुमारास घाम पुसताना त्यात ग्रीसचा चौथा पट्टा मिसळायचा. खाकी शर्टाच्या वरच्या खिशात कायम एक बारीक पाना असायचा. सहीसाठी पेन मात्र दुसऱ्याचं मागायचे आणि न विसरता परत करायचे.

त्यांचं गाव कुरुंदवाडच्या पलीकडं. घरात कानडी, बाहेर मराठी. पण अण्णांनी या भाषांची वाटणी आपल्या मनानं केली होती. माणसांशी ते मराठीत बोलायचे आणि इंजिनाशी कानडीत. चालू होताना इंजिन कुरकुरलं की त्याच्यावर हात ठेवून म्हणायचे, "बा तायी, बा." म्हणजे ये बाई, ये. काम संपलं, बंद करायची वेळ आली की एकच शब्द, "साकु." पुरे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माणसास्नी मराठीत सांगून बगितलं. ऐकत न्हाईत. इंजिन ऐकतंय."

त्यांची दुसरी खोड जास्त महागाची होती. रस्त्यात थांबलेली गाडी दिसली की अण्णा थांबायचे. मग तो ट्रक असो, ट्रॅक्टर असो नाहीतर कुणी नुसता लघुशंकेला थांबलेला असो. एकदा इचलकरंजीला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही आठजण कॉलेजच्या जीपमधून निघालो, अण्णा चालवत होते. तासाभराची वाट. अण्णांनी वाटेत तीन गाड्या दुरुस्त केल्या. आम्ही पोचलो तेव्हा वरपक्ष पंगतीवरून उठून हात धूत होता आणि आमच्या अक्षता आमच्या मुठीतच होत्या. वधूपित्यानं जरा घुश्शातच उशिराचं कारण विचारलं. अण्णांनी तिन्ही गाड्यांचे बिघाड सविस्तर सांगितले. तिसरा बिघाड सांगून होईपर्यंत त्या गृहस्थांचा राग कंटाळ्यात विरघळून गेला.

अण्णांचं एक म्हणणं होतं, ते सगळ्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकवायचे. "बिघाड लाजत न्हाय. माणूस लाजतोय." म्हणजे इंजिन आपला दोष लपवत नाही, आवाज करून, धूर काढून सांगतं. लपवतो तो बसवणारा. एखाद्या पोराच्या हातून काही मोडलं आणि त्यानं येऊन सांगितलं, तर अण्णा चहा पाजायचे. न सांगता ठेवून दिलं तर महिनाभर बोलायचे नाहीत. आमच्या कॉलेजात त्यामुळं मोडतोड पुष्कळ व्हायची आणि चहाही.

करंजाच्या तेलाचं खूळ त्यांच्या डोक्यात केव्हा शिरलं, मला माहीत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा ते पुरतं शिरलेलं होतं. करंज ओढ्याकाठी, बांधावर आपोआप येतो. त्याच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला वापरायचे. घरोघरी वीज आली आणि लोक ते विसरले. अण्णांचं म्हणणं, हेच तेल डिझेल इंजिनाला चालतं. ज्याला जनावर तोंड लावत नाही आणि माणूस चोरत नाही तेच खरं इंधन, असं ते सांगायचे.

याची दुसरी बाजू अशी, की खायचं तेल जाळणं त्यांना पाप वाटायचं. एका वर्षी तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी प्रयोगासाठी शेंगतेलाचा डबा आणला. अण्णांनी तो तसाच उचलून त्यांच्या हातात परत दिला आणि याच्या पुऱ्या तळून आणा जावा, इंजिन पुऱ्या खात नाही म्हणून सांगितलं. पोरं चार दिवसांनी खरोखर पुऱ्या घेऊन आली. त्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या आणि अण्णांनी सगळ्या गटाला पैकीच्या पैकी गुण दिले. त्यावरून विभागप्रमुखांनी मागवलेला खुलासा अण्णांनी एका ओळीत दिला होता. "प्रयोग यशस्वी झाला."

प्रयोगासाठी अण्णांनी कॉलेजची तीच जुनी जीप घेतली होती. तिला त्यांनी दोन टाक्या बसवल्या. लहान टाकीत डिझेल, मोठीत करंजेल. करंजेल दाट, थंड असताना इंजिनात जायचं नाही. म्हणून रेडिएटरचं गरम पाणी तांब्याच्या नळीतून मोठ्या टाकीभोवती फिरवलं होतं. गाडी डिझेलवर चालू करायची, दहा मिनिटांनी तेल तापलं की दोन टाक्यांमधला पितळी कॉक फिरवायचा, की गाडी करंजेलावर. थांबायच्या आधी पाच मिनिटं पुन्हा डिझेल. सांगायला इतकं सोपं होतं. पण त्या पितळी कॉकवर अण्णांची दहा वर्षं गेली होती.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत पेट्रोल-डिझेलच्या भावावर सगळेच बोलायला लागले होते. कोल्हापूरला कुठल्याही विषयावर नुसतं बोलून चालत नाही, त्याची शर्यत लावावी लागते. उद्योजकांच्या एका हौशी मंडळानं पर्यायी ऊर्जेवर चालणाऱ्या गाड्यांची रॅली जाहीर केली. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा एक हंगाम, चार फेऱ्या. पेट्रोल-डिझेल फक्त गाडी चालू-बंद करण्यापुरतं, त्यावर पळायचं नाही, बाकी कशावरही पळा. ही रॅली वेगाची नव्हती, वेळेची होती. ठरवून दिलेल्या सरासरीनं प्रत्येक नाक्यावर नेमक्या सेकंदाला पोचायचं. उशीर झाला तर गुण कापणार आणि लवकर पोचलं तर दुप्पट कापणार. ही अट सांगितली गेली तेव्हा सभेत बराच गोंधळ झाला. लवकर पोचल्याबद्दल दंड ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला पटवणं अवघड होतं.

अण्णा प्राचार्यांकडं परवानगी मागायला गेले. प्राचार्य म्हणाले, जीप निर्लेखनाच्या यादीत गेलीय, मार्चनंतर भंगारात जाणार. अण्णांनी ती यादी वाचलेली होती, म्हणूनच ते आले होते. बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी कागदावर एक अट ठरली. चारही फेऱ्या जाहीर केलेल्या इंधनावर, म्हणजे करंजेलावर, न चुकता पुऱ्या केल्या तर जीप यादीतून काढायची आणि वर्कशॉपच्या मागच्या खोलीत करंजेलाच्या इंजिनासाठी कायमची जागा द्यायची. एक जरी फेरी चुकली तर भंगार. अण्णा येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी काय, जाणारच हाय. जीप ऱ्हायली पायजे."

शेजारी बसून वेळेचा हिशेब करायला माणूस लागतो, त्यासाठी त्यांनी मला धरलं. मला गणित येत होतं आणि गाडी चालवता येत नव्हती, हे दोन्ही गुण त्यांना पसंत होते. मला गाडी लागते हा तिसरा गुण मी सांगितला, पण तो त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. करंजेलाचा धूर म्हणजे जळक्या औषधासारखा उग्र वास. जीपजवळ गेलो की मी कापूर बांधलेला रुमाल नाकाशी धरायचो. रुमालाची ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढं जे बिघडलं त्यात तिचा वाटा आहे.

पहिल्या फेरीला अकरा गाड्या होत्या. एक साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या पुतण्याची अल्कोहोलवर चालणारी चकचकीत मोटार. एक पुण्याच्या इंजिनिअर पोरांची बॅटरीची गाडी. एक गोबरगॅसचा टेम्पो, ज्याच्या टपावर गॅसचा भला मोठा फुगा होता, आणि लोक त्याच्या मालकाला गाडीपेक्षा म्हशींबद्दलच जास्त विचारत होते. एक सूर्यशक्तीची गाडी, जी परतीच्या पावसामुळं निघण्याच्या रेघेवरच ताडपत्रीखाली उभी राहिली ती राहिलीच.

पन्हाळ्याच्या अलीकडं बॅटरीची गाडी रस्त्याकडंला थांबलेली दिसली. चार्जिंग संपलं होतं. पोरं गावात जाऊन आली होती, तिथं भारनियमन, वीज चारनंतर. आम्ही तेव्हा वेळेच्या चार सेकंद आत होतो. मी अण्णांना म्हणालो, थांबायचं नाही. अण्णा थांबले. त्यांनी दोर काढला, ती गाडी आमच्या जीपला बांधली आणि तशीच वरपर्यंत ओढत नेली. त्या दिवशी आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटून पहिले आमच्याच दोराला होते. परतताना मी बराच चिडलो होतो. अण्णा शांतपणे म्हणाले, "सर, थांबलेली गाडी दिसली की माझा पाय ब्रेकवर जातोय. पायाला नियम कोन सांगणार?"

दुसऱ्या फेरीपर्यंत ही गोष्ट सगळ्यांना कळली होती. कागलच्या पुढं गोबरगॅसवाल्यानं धडधाकट टेम्पो कडेला लावून आम्हाला हात केला. अण्णा उतरले. त्यानं थर्मासमधला चहा काढला. पुढचा नाका जवळच होता आणि दोघंही वेळेआधी आलो होतो, म्हणून त्यानं विचार केला होता की चहा घेऊन जाऊ. या चहामुळं आम्ही दोघं नाक्यावर नेमक्या सेकंदाला पोचलो. माझं गणित पाच मिनिटं चुकलं होतं, ते त्या चहानं दुरुस्त झालं. रात्रीच्या जेवणापर्यंत अण्णा माझ्याकडं पाहून तीनदा हसले.

तिसरी फेरी आंबोलीची, ऐन थंडीत. सकाळी करंजेल तुपासारखं थिजलं होतं. अण्णांनी अंगावरचं घोंगडं काढून टाकीला गुंडाळलं आणि स्वतः अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कुडकुडत गाडी हाकली. मी माझी शाल देऊ केली, ती त्यांनी घेतली आणि तीही टाकीला गुंडाळली. त्या फेरीत आम्ही तिसरे आलो. तोवर अकरापैकी पाच गाड्या गळाल्या होत्या आणि एकूण गुणांत आम्ही दुसरे होतो. आता फक्त एक फेरी उरली होती.

करंजेल यायचं अण्णांच्या गावातून, बसाप्पांच्या घाण्यावरून. बसाप्पा त्यांचे शाळेपासूनचे सोबती. चौथ्या फेरीला मंत्री झेंडा दाखवायला येणार अशी बातमी होती. त्यामुळं बसाप्पा आदल्या दिवशी स्वतःच तेलाचे डबे घेऊन एस्टीनं आले. डोक्याला कोरा पटका होता. मला डबे दाखवत म्हणाले, "ह्या टायमाला तेल इशेष हाय, सर." मला वाटलं, घाणेवाला आपल्या मालाचं कौतुक करणारच.

नियम असा होता, की आदल्या दिवशी तपासनिसानं टाक्या भरून शिक्का मारायचा आणि संघाच्या माणसानं इंधनाचं नाव लिहून सही करायची. पहिल्या तिन्ही वेळी अण्णा हजर होते, करंगळीसकट. चौथ्या वेळी नेमका त्याच तासाला अण्णांचा सत्कार निघाला. कोल्हापुरात सत्काराला नाही म्हणता येत नाही. शाल, श्रीफळ, फेटा, आणि ज्यांनी सगळ्या हंगामात जीपकडं ढुंकून पाहिलं नव्हतं अशा पाचजणांची भाषणं. अण्णा स्टेजवर पाना नसलेल्या कोऱ्या शर्टात अवघडून बसले होते आणि तिकडं मैदानाच्या टोकाला मी टाकी भरून घेत होतो. धार नेहमीपेक्षा उजळ दिसली. मला वाटलं, मंत्री येणार म्हणून बसाप्पांनी चांगलं गाळलं असेल. वासाचं म्हणाल तर नाकाशी कापूर होता. तपासनिसानं विचारलं, काय लिहायचं? मी लिहिलं, करंजेल. खाली सही केली. करंगळी बुडवून बघावी हे माझ्या मनात आलं होतं. पण त्या कडू चवीची मला शिसारी होती, म्हणून नाही बघितलं. हे मी आज लिहितोय, त्या दिवशी कुणाला सांगितलं नव्हतं.

चौथी फेरी गगनबावड्याची. एका घाटानं कोकणात उतरायचं, दुसऱ्या घाटानं चढून परत यायचं. निघाल्यापासून जीप अशी पळत होती की माझा विश्वास बसेना. उतरताना प्रत्येक नाक्यावर आम्ही दोन-तीन सेकंदांच्या आत. चढाला लागल्यावर अल्कोहोलची मोटार आमच्या मागं पडली. आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित रस्त्यावर खरं ठरत होतं आणि मी इतका खुशीत होतो की रुमाल कधी मांडीवरून उडून गेला ते कळलंही नाही. एका वळणावर वारा मागून आला आणि आमचाच धूर पुढं आला. आणि मला मळमळण्याऐवजी भूक लागली.

मी म्हणालो, "अण्णा, वर कुठंतरी भजी तळायला लागलेत."

पुढची दोन वळणं अण्णा नुसते नाकानं श्वास घेत होते. मग घाटमाथ्यावर त्यांनी जीप कडेला घेतली, चालूच ठेवली, मागं गेले, सायलेन्सरपुढं तळहात धरला आणि तो नाकाशी नेला. मी घड्याळ बघत होतो. ते माझ्या बाजूला आले.

"काल टाकी भरताना तेल जिभंला लावलंतं काय, सर?"

मी खरं ते सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली.

"बसाप्पानं शेंगतेल दिलंय. पैल्या घाण्याचं. मंत्री येणार, मान हुणार, आपल्या दोस्ताच्या गाडीत कडू तेल कसं घालायचं, म्हणून गोडं घातलंय त्यानं."

पाहुण्याला कडू घालायचं नाही, हे आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात. बसाप्पांनी तेवढंच केलं होतं. अण्णांना त्यांचा राग आला नव्हता. राग आला होता तो मला, आणि स्वतःचाच. मग मी जे बोललो त्याची मला लाज वाटते, पण ते बोललो हे खरं आहे. मी म्हणालो, कुणाला कळणार नाही. शिक्का शाबूत आहे, कागदावर करंजेल लिहिलंय, कोल्हापूर आता फक्त दीड तासावर आहे. जीप वाचेल, खोली मिळेल. मे महिन्यात तुम्ही समाधानानं घरी जाल.

अण्णा जीपच्या बॉनेटवर हात ठेवून ऐकत होते. सगळं ऐकून घेतलं.

"उद्या कोनतर शेतकरी तुमच्या कागदावर इश्वास ठेवून बांधाला करंज लावंल," ते म्हणाले. "आन् पळालंय शेंगतेल. त्याला काय सांगायचं, सर?"

ते गाडीत बसले. पितळी कॉक डिझेलवर फिरवला. पाच मिनिटं इंजिन तसंच चालवलं, नेहमीसारखं, सगळे नळ धुऊन निघेपर्यंत. मग गगनबावड्याच्या नाक्यापर्यंत हळूहळू नेलं आणि तिथं किल्ली फिरवून म्हणाले, "साकु."

नाक्यावरच्या अधिकाऱ्यांची तर फारच पंचाईत झाली. त्यांच्या नियमांच्या पुस्तकात दुसऱ्याची चोरी पकडण्याचे पुष्कळ नियम होते, पण स्वतःहून येऊन सांगणाऱ्याचं काय करायचं याचा एकही नव्हता. ते अण्णांना समजावायला लागले. अहो, तुमचा गट वनस्पती तेलाचा, शेंगतेलही वनस्पतीचंच, आम्ही तेवढा शब्द बदलून घेतो, तुम्ही दुसऱ्या नंबरावर आहात. अण्णा म्हणाले, मी करंजेल लिहून दिलंय. अधिकारी म्हणाले, तुम्ही कुठं, तुमच्या सरांनी लिहिलंय. अण्णा म्हणाले, सर आणि मी एकच. हे वाक्य मला पुढं कित्येक दिवस पुरलं. शेवटी अधिकाऱ्यांनी पुस्तक चाळून चाळून आम्हाला 'वाटेत इंधन संपल्याने बाद' या कलमाखाली बसवलं. टाकीत तेव्हा दीड डबा तेल होतं.

त्या तेलाचं काय करायचं, हा अण्णांपुढचा खरा प्रश्न होता. आधीच्या करंजेलाचा अंश टाकीत होता, म्हणजे ते आता खायच्या कामाचं नव्हतं. इंजिनात जाळायला त्यांचं मन होईना. त्यांनी शिक्का तोडून तेल डब्यांत उतरवलं आणि गावातल्या देवळाच्या पुजाऱ्याकडं नेऊन दिलं. दिव्याला चालेल, म्हणाले. मग आम्ही डिझेलवर कोल्हापूरला आलो. वाटेत एक ट्रक थांबला होता. अण्णा थांबले. मीही उतरलो आणि त्यांना पाने देत बसलो.

बक्षीस समारंभाला कप अल्कोहोलच्या मोटारीला गेला. अण्णांना 'विशेष प्रामाणिकपणा' म्हणून प्लॅस्टिकची छोटी जीप मिळाली, लाकडी पट्टीवर चिकटवलेली. आमचे प्राचार्य अण्णांच्या प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपचा कागद पुढं पाठवला, कारण अट ती अट. प्रामाणिकपणाला खोली द्यायची तरतूद त्यात नव्हती.

समारंभाला बसाप्पा पहिल्या रांगेत होते. अण्णांना बक्षीस मिळालं एवढं त्यांनी पाहिलं, कशाबद्दल ते टाळ्यांत ऐकू आलं नसावं. त्यांनी अण्णांना कवेत घेतलं आणि कशी पळाली म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, "लई झ्याक पळाली." बसाप्पांचं तोंड फुललं. ते गेल्यावर अण्णा माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "सर, त्याला कधी कळाय नगो." मी शब्द दिला.

मेमध्ये अण्णा निवृत्त झाले. निरोपाला पुन्हा शाल, श्रीफळ, फेटा. त्यांनी वरच्या खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला, कारण तो कॉलेजचा होता आणि नोंदीत होता. जूनमध्ये जीप लिलावात गेली. भंगारवाला ती ट्रॉलीवर चढवत होता तेव्हा मी वर्गात होतो. फळा खिडकीच्या उलट बाजूला होता, त्याबद्दल मी त्या दिवशी आर्किटेक्टचे आभार मानले. माझी चूक झाली, हे मी अण्णांना कधी तोंडानं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

पाचेक वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी कुरुंदवाडला गेलो होतो. दुपारी मोकळा झालो आणि विचारत विचारत अण्णांच्या गावी पोचलो. घरी नव्हते, घाण्यावर आहेत म्हणून कळलं. घाण्याच्या शेडमध्ये शेंगदाण्याचा गोड वास भरून राहिला होता. बसाप्पांनी मला ओळखलं, पाट दिला, वाटीभर ताजी पेंड आणि गूळ समोर ठेवला. अण्णा मागं आहेत, इंजिन चालू करायलेत, म्हणाले.

मी मागं डोकावलो. सिमेंटच्या चौथऱ्यावर आमच्या जीपचं इंजिन बसवलेलं होतं. शिरोलीच्या भंगार बाजारात दोन महिने हिंडून अण्णांनी ते हुडकून काढलं होतं आणि बसाप्पांनी घाण्याला घेतलं होतं. तोच पितळी कॉक, तीच तांब्याची नळी. भारनियमनात गावातल्या बाकीच्या गिरण्या बंद पडायच्या, हा घाणा करंजेलावर चालायचा आणि शेंगतेल काढायचा. अण्णा बरेच वाळले होते. कपाळावर भस्म होतं, त्यात चौथा पट्टाही होता.

बसाप्पा माझ्या मागोमाग आले. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "सर, तुमास्नी म्हणून सांगतो. त्या साली बक्षीस मिळालं की न्हाय, तवा मी गुपचूप शेंगतेल दिलतं. पैल्या घाण्याचं. म्हणून गाडी पळाली. ह्याला अजून ठावं न्हाय. आन् हा खुळा बगा, परत कडूच घालतोय."

अण्णांनी ते ऐकलं होतं. वाकलेलेच होते, तिथूनच त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, घाट, तळहात, शिक्का, यादी. मी म्हणालो, "तेल झ्याकच होतं, बसाप्पा." ते खूश होऊन घाण्याकडं गेले.

अण्णांनी पायाशी असलेल्या डब्याचं झाकण काढलं. करंगळी पुढं केली, मग थांबले, आणि डबा माझ्याकडं सरकवला. मी करंगळी बुडवली, जिभेला लावली. घशापर्यंत कडू गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी थुंकलो नाही.

"कसं हाय, सर?"

"कडू हाय."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांनी टाकीत तेल ओतलं, कॉक फिरवला, आणि माझ्याकडं पाठ करून इंजिनावर हात ठेवला. "बा तायी, बा."